हार्नेस लटकून बघा, मग पैसे मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्नोकायटिंगवर, म्हणजे बर्फावर पतंगाच्या ओढीनं धावण्याच्या खेळावर, पानभर लेख आला होता. पुढच्या आठवड्यात त्यावर एका वाचकांचं पत्रही छापून आलं. लेखात पतंगांचे आकार आहेत, वाऱ्याचे नॉट (वेगाचं दर्यावरचं माप) आहेत, गॉगल, हेल्मेट, अगदी नॉर्वेच्या व्हिसाची कटकटसुद्धा आहे. माणसाला पतंगाशी जोडणाऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे हार्नेसच्या, वाट्याला मात्र एकच वाक्य आलं: ‘आरामदायी हार्नेस निवडावा.’ पत्रलेखकांनी त्यावर कडी केली. म्हणे, महागातला घ्या, प्रश्नच मिटला. दोन्ही वाचून राहवेना, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, पण झोपाळ्याचा भाग तेवढा ठेवा.

मी मालवणात शिवणकाम करते. बोटींची छतं, इंजिनांची कव्हरं, रिक्षांचे हूड, ताडपत्र्या, आणि इकडे पर्यटन वाढल्यापासून पॅरासेलिंगवाल्यांच्या पट्ट्यांची डागडुजी. बर्फ मी फ्रीजच्या वरच्या कप्प्यातच पाहिलाय, हे आधीच सांगून टाकते. पण माझा भाचा नॉर्वेत बर्गनला नोकरीला आहे. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की ओस्लोकडे जाणारी रेल्वे पकडतो, हौगास्टोलला उतरतो आणि हार्डांगरव्हिड्डाच्या पठारावर पतंग घेऊन हिंडतो. सुमारे 1000 मीटर उंची, झाडाचं नाव नाही, वाऱ्याला आडकाठी नाही. तिथं त्याला हार्नेसनं इतकं छळलं, की मे महिन्यात घरी येताना ते धूड बॅगेत कोंबून तो माझ्या मशीनपाशी हजर झाला. तेव्हा हा विषय माझ्या हाताखालून गेलेला आहे.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पायात स्की, आणि 20-25 मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला मोठा कापडी पतंग. हातातल्या दांड्यानं पतंग वळवायचा, त्याचा जोर कमीजास्त करायचा. खरी ओढ हातावर येतच नाही, ती येते कमरेपुढच्या हुकावर. म्हणजे तासन् तास माणूस त्या पतंगाला जोडलेला असतो तो फक्त हार्नेसनं. आणि ही ओढ काही सरळ हिशेबानं वाढत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. 10 नॉटमध्ये ‘बरा आहे की’ वाटलेला पट्टा, दुपारी तोच पतंग 20 नॉटमध्ये सापडला की आपले गुण उधळायला लागतो. दर्यावर जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता लेखातल्या ज्या वाक्यावर माझा मुख्य आक्षेप आहे ते. ‘कंबरेचा हार्नेस सराईतांसाठी, बैठा हार्नेस शिकाऊंसाठी.’ हे कुणी ठरवलं? कंबरेचा हार्नेस म्हणजे रुंद, घट्ट पट्टा. पाठीला आधार, पुढं हुक, पाय मोकळे. बैठ्या हार्नेसला मांड्यांतून जाणारे पट्टे असतात, हुक खाली, ओटीपोटाजवळ येतो. पाण्यावर फळीवर उभा राहून पतंगावर मागं रेललेला माणूस कंबरेच्या पट्ट्यात सुखी असतो, कारण ओढ बरीचशी आडवी असते. बर्फावर स्कीवर माणूस बराच ताठ उभा असतो. पतंग डोक्यावर आला की ओढ सरळ वर. आणि अंगात असतं गुळगुळीत जाकीट. कंबरेचा पट्टा त्यावरून सरकत सरकत बरगड्यांवर जाऊन बसतो. बैठा सरकत नाही, कारण मांड्यांचे पट्टे त्याला खाली धरून ठेवतात आणि भार कमरेच्या हाडांवर आणि बैठकीवर जातो. पाण्याची घागर बाया कडेवर घेतात ती काही हौसेनं नाही; हाडावर टेकलेलं ओझं पेलतं, मांसावर लटकलेलं ओझं सलतं.

1996-97 च्या मोसमात नॉर्वेच्या बोर्गे औसलँडनं अंटार्क्टिका एकट्यानं ओलांडली, स्कीवरून, वाऱ्याच्या शिडाची मदत घेत, 64 दिवसांत. अशा लांबच्या प्रवासात मागं सामानाची घसरगाडी बांधलेली असते. पुढून वारा ओढतो, मागून गाडी, आणि दोन्हींच्या मध्ये तुमची कंबर. तिथं भार कुठं बसतो हा प्रश्न शिकाऊ-सराईत असा नसतोच. उलट बाजूही सांगते, नाहीतर मी बैठ्याची दलाल ठरेन. उड्या मारून गिरक्या घेणाऱ्यांना खालचा हुक अडतो, त्यांना कंबरेचाच बरा. चढ चालत जायचा असेल तर मांड्यांचे जाड पट्टे एकमेकांना घासतात. पाठीच्या जुन्या दुखण्यावाल्यानं मात्र मागचापुढचा विचार न करता आधी बैठा घालून बघावा.

तर झोपाळा. भाच्यानं स्वतःचा कंबरेचा आणि मित्राकडून मागून आणलेला बैठा असे दोन्ही हार्नेस आणले होते. पडवीतला झोपाळा उतरवला आणि त्याच्या कडीला दोर बांधून त्याला हुकात अडकवला. मे महिन्याची दुपार, आणि याच्या अंगात लोकरीचा थर, त्यावर बर्फाचं जाकीट, जाड विजार, पायात स्कीचे बूट. घामाच्या धारा लागल्या. ‘मावशे, बिगी बिगी बघ गे, माका उकडता,’ म्हणून त्यानं आरडाओरडा चालवलेला. पण कपडे काढू दिले नाहीत. कारण घोळ तिथंच झाला होता. हा पट्टा दुकानात टी-शर्टवर घालून बघितलेला. टी-शर्टवर जो ‘मिडियम’ छान बसतो, तोच जाकिटावर वेगळा माणूस होतो. शिवाय बर्फात सकाळी सगळे थर अंगात असतात, दुपारी उन्हात एखादा काढून पाठपिशवीत जातो. म्हणजे एकाच दिवसात घेर बदलणार. पट्टा दोन्हीकडे, सैल आणि घट्ट, हलायला हवा. माप घेताना मी पट्टा ताणून झाल्यावर बकलापुढं किती उरला हे बघते, आणि अजून ओढायला किती वाव आहे हेही. दोन्ही हवं.

पहिलं मिनिट काही कळत नाही, सगळेच हार्नेस चांगले वाटतात. थोडा वेळ गेला आणि कंबरेचा पट्टा दिसेल असा वर चढला. खालची कड हाडावरून सुटली, वरची बरगडीखाली रुतली. मी म्हटलं, दीर्घ श्वास घे. अर्ध्यावर अडकला. आणि ज्यावर हुक बसवलेला असतो तो स्टीलचा दांडा तिरका होऊन त्याची वरची कड पोटात घुसत होती. कारण काय, तर दांडा त्याच्या मापाला रुंद. दोन्ही बाजूंच्या गाद्या दांड्याशी येऊन भिडलेल्या, बकल कितीही ओढा, घट्ट व्हायला जागाच नाही. सैल दांडा फिरतो आणि टोचतो. हे दुखणं गादी जाड करून जात नाही; लहान दांडा लावावा लागतो, तो वेगळा मिळतो. दुकानदार हे आपणहून सांगत नाही असा भाच्याचा अनुभव.

बैठा त्यामानानं शहाणा निघाला, पण पाच-सात मिनिटांनी पायाच्या बोटांना मुंग्या. वाकून पाहिलं तर मांडीच्या पट्ट्याची जोडशिवण नेमकी जांघेतल्या शिरेवर आलेली. मांडीचे पट्टे दोन बोटं जातील इतके सैल केले, कंबर आवळली, भार मागं बैठकीवर गेला, मुंग्या थांबल्या. नव्यानं काही विकत घ्यावं लागलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तर अर्धंच काम झालं असतं. झोपाळ्याची कडी सरळ वर ओढते. पतंग तसा कुठं ओढतो? एका बाजूला जाताना तो तासभर एकाच कुशीकडून ओढतो. म्हणून हुकाला दुसरा दोर बांधला आणि शेजारच्या काकांना विहिरीच्या दिशेनं ओढायला लावला. कंबरेचा पट्टा अंगाभोवती फिरला, हुक पोटावरून कुशीत गेला. हल्ली काही हार्नेसना दांड्यावर पक्क्या हुकाऐवजी दोरी असते आणि तिच्यावर सरकणारी कडी. ओढ बाजूला गेली की कडी सरकते, पट्टा जागेवर राहतो. बर्फावर लांब पल्ले मारणाऱ्याला मी तरी हेच सुचवेन. लटकलेल्या अवस्थेतच बुटाचं बकल लावायला वाकून बघावं, दोन्ही हात वर करावेत, मान मागं टाकावी. खुर्चीवर बसावं. हे सगळं दुकानात करायला लाज वाटते, मान्य आहे. पण दुकानात लटकायला कडी नसेल तर परत करायची मुदत विचारून घ्यावी, आणि घरी लेबल न काढता लटकावं.

महागाचं म्हणाल, तर पैसे वाढतात तसं वजन कमी होतं, कापड चांगल्या प्रतीचं येतं. तुमचा घेर आणि त्या शिवणाऱ्याच्या डोळ्यापुढचा घेर एक आहे का, याचं उत्तर किमतीत नसतं. गादीचंही तसंच. बोटानं दाबली की खड्डा पडतो ती गादी अंगठ्याला सुखावते. पूर्ण वजन आलं की ती चपटी होऊन आतली पट्टी थेट अंगाला लागते. भार पसरवतो तो रुंदपणा आणि जरा कडकपणा. त्यातही उघड्या पेशींचा स्पंज पाणी पितो, आणि नॉर्वेत प्यायलेलं पाणी गोठतं. पाण्यावरच्या हार्नेसमधलं निओप्रीन नावाचं रबरी कापड एकदा भिजून गोठलं की पत्र्यासारखं होतं, असं भाचा सांगतो. ईव्हीए फोम बरा, तोच जो आपल्या चपलांच्या तळव्यात असतो. वेल्क्रोत बर्फ भरला की ते धरत नाही. प्लॅस्टिकचं हलकं बकल थंडीत ठिसूळ होतं. आणि बकल कुठलंही असो, ते जाड हातमोजे घालून उघडता आलं पाहिजे. मोजा काढून खटपट करायची वेळ आली तर बोटं कामातून गेली समजा. मांडीचे पट्टे पूर्ण सुटणारे हवेत. नुसती फासासारखी वळी असतील तर बुटासकट पाय घालणं म्हणजे सर्कस. ओझोनसारख्या पतंग बनवणाऱ्या कंपन्या बर्फासाठी असे सुटे पट्टेवाले हलके बैठे हार्नेस काढतात.

बायकांसाठी एक वेगळा परिच्छेद, कारण तुमच्या लेखात तो असायला हवा होता. आपली कंबर आणि नितंब यांच्या मापातला फरक जास्त. सरळ नळीसारखा कापलेला पट्टा कमरेला बसवला तर खाली रुततो, खाली बसवला तर कमरेत फटी. माप सांगताना दोन्ही मापं सांगा, जाकिटावरून. आणि स्पष्टच लिहिते: त्या उघड्या पठारावर लघवीला जायचं झालं तर संपूर्ण हार्नेस उतरवावा लागतो की मांडीचे पट्टे तेवढे सुटतात, हे विकत घेण्याआधी विचारा. पुरुष लेखकांना हा प्रश्न सुचत नाही. दिवसभर पाणी न पिता राहणारी बाई थंडीत लवकर थकते.

सुरक्षिततेशी याचा संबंध नाही असं कुणाला वाटत असेल, तर तेही बघू. पतंग आवरेना तर ओढ सोडून द्यायची एक तातडीची कळ असते, हुकाच्या पुढंच. त्या यंत्रणेसाठी 2020 साली आयएसओ 21853 हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं. पण पट्टा बरगडीवर चढला की हुक वर गेला, कळही वर गेली. हात सवयीनं जिथं जातो तिथं ती नसते. पट्टा कुशीकडे फिरला तरी तेच. छातीवर जाकिटाच्या आत हिमकड्याचा ट्रान्सिव्हर (कोसळलेल्या बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं छोटं यंत्र) बांधतात, त्यावर हार्नेसचा पट्टा दाबून बसता कामा नये. पाठपिशवीचा कंबरपट्टा आणि हार्नेस एकाच जागेवर हक्क सांगतात. पिशवीही चढवूनच लटका.

मी त्या बैठ्या हार्नेसवर काय केलं, असं विचाराल. मांडीच्या पट्ट्यावर सरकवायची एक रुंद, ईव्हीए भरलेली खोळ शिवली, शिवण बाहेरच्या अंगाला घेऊन. मूळ पट्ट्यात एकही टाका घातला नाही. वजन घेणाऱ्या पट्ट्यात सुई घालायची म्हणजे त्याचे धागे तोडायचे, आणि तुटलेल्या धाग्याची ताकद कुणी परत देत नाही. जिथं नागमोडी, दाट टाके एका चौकोनात भरलेले दिसतात ती वजनाची शिवण. ती उसवली तर माझ्याकडे आणू नका, कुणाकडेच नेऊ नका. बनवणाऱ्याकडे पाठवा, नाहीतर टाकून द्या.

आता घरचा विषय. बर्फावर जाणारे आपल्यातले किती? पण तारकर्ली-देवबागपासून नागावपर्यंत सुट्टीच्या दिवसांत पॅरासेलिंगला उभे राहणारे रांगेनं असतात. तिथं निवड नसते. जो हार्नेस मोकळा असेल तो. साडेतीन फुटी पोर आणि शंभर किलोचे मामा, दोघांना एकच बांधतात. किनाऱ्यावरच्या मुलांना मी दोष देत नाही, बहुतेक जण काळजीनं बांधतात, पण रांग लांब असते आणि उन्हं चढलेली असतात. तेव्हा उडायच्या आधी आपणच सांगायचं: मांडीचे पट्टे माझ्या मापाला ओढ. पट्टा मांडीच्या वरच्या भागात, सपाट, न पिळलेला हवा. खिशातली किल्ली, मोबाईल काढून द्यावा. पट्ट्याखाली आला की मांडीवर निळा वळ घेऊन परतता. साडीवर किंवा ओढणी लोंबत असताना बांधून घेऊ नये, घोळ पट्ट्यात अडकतो आणि मग पट्टा घट्ट झालाय की कापड, कळत नाही. जमिनीवर असतानाच गुडघे वाकवून क्षणभर वजन पट्ट्यावर टाकून बघा. टोचलं तर तिथंच बोला. वर गेल्यावर बोलणं ऐकू येत नाही.

आणि हो, लेख वाचून ज्यांना हुरूप आलाय त्यांनी एकदम नॉर्वेला जाऊन पहिला हार्नेस अंगाला लावू नये. रामेश्वरमकडे पाण्यावरचं कायटिंग शिकवतात. तिथं दोन्ही जातींचे हार्नेस मागून घालून बघावेत, आपलं शरीर कुठं कुरकुरतं ते कळतं. फक्त समुद्रावर वापरलेला हार्नेस जसाच्या तसा बर्फावर नेऊ नये, आधी गोड्या पाण्यात चांगला बुडवून, खळबळून, सावलीत वाळवावा. मिठाचे कण विणीत बसले की पट्टा वाकेल तसे आतून घासत राहतात.

आपल्या पत्रलेखकांनी शेवटी विचारलं होतं, वापरलेला हार्नेस घ्यावा का. घ्यावा, पण बघून. पट्टा बकलाखाली झाकलेला असतो तिथला मूळ रंग आणि उघड्यावरचा रंग शेजारी धरा. फार फरक असेल तर उन्हानं खाल्लेला आहे. बोटानं चोळल्यावर केसाळ लागला, वाकवल्यावर करकरला, तर नको. हुक ज्या जागी घासतो तिथं खाच पडली असेल तर तोही नको. भाच्याचा तो कंबरेचा पट्टा सध्या माझ्याच दुकानात आहे. फुकट द्या म्हणून दोघांनी मागितला. दिला नाही, कारण डाव्या बाजूची वजनाची शिवण चार टाके सुटलेली आहे. बघायचा असेल त्यानं यावं, सुटलेली शिवण कशी दिसते ते दाखवते.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, मालवण